दिवाळसणाचा पॉवर सप्लाय

रोषणाईतलं लोकांना काही कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. लोक दुकानात जातात, माळ लागते का ते बघतात, लागली की पिशवीत घालून घरी आणतात. भाऊबीजेपर्यंत अर्धी माळ बंद पडली की मग माळेच्या नावानं बोटं मोडतात! अहो, माळेचा काय दोष? दिवा बिचारा मिळेल तेवढ्यावर जगतो. रोषणाई म्हणजे दिवे नव्हेत, रोषणाई म्हणजे पॉवर सप्लाय! तो नीट निवडला की दिव्यांना लागण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि तो निवडायची अक्कल असलेला माणूस संत तुकाराम नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकच आहे. मी, गुरुदत्त. महाळुंग्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा मॅनेजर.

हे सगळं मी दसऱ्यानंतर बायकोला ऐकवलं. निवेदिता अनारशाचे तांदूळ भिजत घालत होती.

"बाजारातून एक कंदील आणा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली.

"यंदा? यंदा बाजारातला कंदील?"

"मग काय, चंद्र आणून टांगणार आहात?"

तिला कळत नव्हतं असं नाही. यंदाची दिवाळी साधी नव्हतीच. मे महिन्यात आमच्या मृदुलाचं लग्न झालं, म्हणजे हा आमच्या जावयांचा, सलिलरावांचा, पहिला दिवाळसण. आणि त्या लग्नात माझं नाक कापलं गेलं होतं. ऐन मंगलाष्टकांत हॉलची वीज गेली! पंखे थांबले, गुरुजींचा माइक थांबला, व्हिडिओवाला थांबला. त्या शांततेत आमच्या विहीणबाई, सुमनताई, शेजारच्या बाईंना अगदी सहज म्हणाल्या, "मुलीचे वडील मेंटेनन्सलाच आहेत ना?"

माइक बंद होता, तरी हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. लोक अक्षता टाकायच्या सोडून हसत बसले. हॉल माझा नव्हता, वीज माझी नव्हती, पण ते वाक्य माझ्या कानात जे जाऊन बसलं ते हलायलाच तयार नाही. कारखान्यात एखादा पट्टा थांबला की आजही मला आधी विहीणबाई ऐकू येतात, मग भोंगा. तेव्हा दिवाळसणाला अशी रोषणाई करायची की विहीणबाईंनी स्वतःच्या तोंडानं माझं कौतुक करावं, एवढाच माझा माफक हेतू होता.

सलिलरावांची भीती नव्हती. माणूस अत्यंत गुणी. बोलणं कमी, आणि जे काही बोलतात ते एकाच शब्दात. चहा घेणार? चालेल. कॉफी? चालेल. चहात कॉफी पडली तर? तेही चालेल! लग्नाच्या बोलणीतच विहीणबाईंनी बजावलं होतं, "आमच्या सलिलला लहानपणापासून नको म्हणताच येत नाही. जेवताना आग्रह करू नका हं. मागे एका मुंजीत वाढपी जिलेबी वाढत राहिला आणि हा चालेल म्हणत राहिला. शेवटी सलाइन लावावी लागली. डॉक्टर केले, एका ताईंकडे समुपदेशन केलं. त्यांनी विचारलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा याल? हा म्हणाला, चालेल!"

तर बेत असा ठरला. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीसमोर पुरुषभर उंचीचा आकाशकंदील. त्याच्या अंगाखांद्यावर रंग बदलणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या. तिथून गच्चीच्या कठड्यापर्यंत पट्ट्या, जिन्याच्या खिडक्यांना पट्ट्या, खाली फाटकापर्यंत पट्ट्या. जावयानं फाटकात पाऊल टाकावं आणि बिल्डिंगनं त्यांना ओवाळावं!

मदतीला शेजारचे सयाजीराव होते. मूळचे मावळातले, चाकणला एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. सोसायटीचे चेअरमनही तेच, कारण निवडणुकीच्या सभेला दुसरं कोणी आलं नव्हतं. स्टोअरच्या माणसाचा धर्म एकच असतो: काही कमी पडता कामा नये.

आता पहिला पॉवर सप्लाय. कारखान्यात आमच्याकडे पॅनलमधलं सगळं चोवीस व्होल्टवर चालतं. सेन्सर चोवीसवर, रिले चोवीसवर, दिवा चोवीसवर. त्यामुळे हवा शुद्ध असते तसा सप्लाय चोवीस व्होल्टचा असतो, एवढं माझ्या डोक्यात पक्कं. मी बाजारातून उत्तम प्रतीचा चोवीस व्होल्टचा सप्लाय आणला, पट्टीला जोडला आणि सयाजीरावांना म्हणालो, "बघा आता!"

त्यांनी बघितलं. काय प्रकाश पडला म्हणता! समोरच्या बिल्डिंगमधल्या कावळ्यांना सकाळ झाली. आणि लगेच सगळं शांत झालं. घरभर वास सुटला. निवेदिता स्वयंपाकघरातून ओरडली, "माझी चकली तर अजून कढईत गेली नाही, मग जळलं काय?"

सयाजीरावांनी पट्टीचा खोका उलटा केला. त्यावर ठळक अक्षरांत पाच व्होल्ट लिहिलं होतं.

"आवं, हे पाचचं हाय की!"

"खोका कोण वाचतं, सयाजीराव?"

"न्हाई, ते बी खरंच हाय," असं म्हणून त्यांनी खोका बंद केला. मित्र असावा तर असा.

मग मी रीतसर गणित मांडलं. पट्ट्या किती, एकेका पट्टीला अँपिअर किती, त्यावरून सप्लाय केवढा. उत्तर आलं. मी त्यात निम्मी भर घातली. आमच्या महाळुंगे-चाकणकडे हा शिरस्ताच आहे. मोटर लहान पडली तर चौकशी बसते, मोठी पडली तर कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक जण भर घालतो, आणि आपल्या आधीच्या माणसानं ती घातलेली असेल असं कोणीही मनात आणत नाही. मी आकडा आमच्या डिझाइनच्या निरंजनला फोनवर पाठवला. त्यानं उलट टपाली आपली भर घालून परत पाठवला. तो मी सयाजीरावांना दाखवला.

"दिवाळीचा टाइम हाय. कमी पडाया नको," म्हणत त्यांनी तो दुप्पट केला.

तो आकडा घेऊन आम्ही पिंपरीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चष्मा वर केला. "वेल्डिंगचं काम आहे का?"

"नाही. आकाशकंदील."

त्यानं चष्मा खाली केला. मग म्हणाला, "मग याच्या वरचा घ्या. तापणार नाही."

घरी जे आलं त्याला पॉवर सप्लाय म्हणणं म्हणजे हत्तीला वासरू म्हणणं झालं. चार धिप्पाड लोखंडी डबे, प्रत्येकाच्या पाठीला पंखा! चालू केला की दळणाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. निवेदितानं चारही डब्यांकडे बघून हात कमरेवर ठेवले.

"लोक दिवाळीला मिठाईचे डबे आणतात."

"अगं, हे आतून फार हुशार असतात."

"एक तरी असावं बाई घरात!"

आता चाचणी. कारखान्याचा माणूस चाचणीशिवाय काही करत नाही. पण आमची सुट्टी गुरुवारी. ती का? तर गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, म्हणून कारखाने बंद, म्हणून मला सुट्टी. आमच्या कॉलनीतही त्या दिवशी दिवसभर वीज नसते. म्हणजे विजेची चाचणी घ्यायला मला सवड मिळते ती नेमकी वीज नसलेल्या दिवशी! इतकी वर्षं या पट्ट्यात नोकरी केली, पण यातली गंमत मला त्या गुरुवारपर्यंत कळली नव्हती.

पण मी हटलो नाही. घरचा इन्व्हर्टर होता. तो एका वेळी एकच डबा सोसायचा, तोही कण्हत. म्हणून एकेक डबा लावायचा, पट्ट्या पेटल्या की बंद करायचा आणि त्यावर कारखान्याच्या पद्धतीनं हिरवा गोल स्टिकर चिकटवायचा: ओके. चारी डबे ओके झाले. सयाजीरावांनी स्टिकरवर सहीसुद्धा केली.

"सगळे एकदम लावून बघितलेत का?" निवेदितानं विचारलं.

"प्रत्येक ओके आहे म्हणजे सगळे ओके!"

"तसं प्रत्येक पाहुणा एकटा चांगलाच असतो," ती चिवडा हलवत म्हणाली. "सगळे एकदम आले की कळतं."

मी दुर्लक्ष केलं. तिचं शिक्षण कॉमर्सचं.

एक बारीकशी अडचण मात्र निघाली. डबे आमच्या घरात आणि पट्ट्या पार गच्चीपर्यंत, त्यामुळे लांबच्या दिव्यांपर्यंत वीज पोचेतो तिचा दम जायचा. गॅलरीत पांढरे शुभ्र दिवे, वरच्या मजल्यावर पिवळे आणि गच्चीत तांबडे. निवेदिता म्हणाली, हळदीकुंकवासारखं छान दिसतंय की! पण विहीणबाईंना ते कावीळ झाल्यासारखं दिसलं असतं. उपाय सोपा होता. डबे दिव्यांजवळ न्यायचे. मग आम्ही मजल्यामजल्यावर जिन्यात एकेक डबा ठेवला आणि सोसायटीच्या जिन्याच्या लाइनला जोडला. चेअरमन बरोबरच असल्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. त्या लाइनवर पाण्याचा पंपही होता. खालच्या हौदातून गच्चीच्या टाकीत पाणी चढवतो तो. पण त्याच्याकडे आम्ही काही लक्ष दिलं नाही. पंप काय, बिचारा रोजचाच!

मंडळी, म्हणजे मृदुला आणि सलिलराव, सणाच्या आदल्या दिवशी आली. सलिलरावांना फाटकातच ओवाळायचं ठरलं होतं, पण ती दिवसाउजेडी पोचली. उन्हात दिवे कुठले दिसायला? तेव्हा उद्घाटन नरकचतुर्दशीच्या पहाटेवर ढकललं. आता बेत पहिल्यापेक्षा सुंदर झाला होता. जावई पाटावर बसणार, तेल-उटणं लागणार, पहिला तांब्या अंगावर पडता पडता मृदुला ओवाळणार, आणि त्याच क्षणी मी खाली अंगणातून इशारा करणार. सयाजीराव जिन्याखालचा स्विच टाकणार आणि विहीणबाई हे सगळं माझ्या फोनवर, व्हिडिओ कॉलवर बघणार! त्यांना मी तसं आठवणीनं कळवलं होतं.

पहाट झाली. बिल्डिंगभर लगबग. घराघरांत पाट मांडलेले, सुगंधी तेलाचा वास, नळांचे आवाज. जिन्याखाली पंप इमानेइतबारे घुमत होता, कारण आख्खी बिल्डिंग एकाच वेळी आंघोळ करणार होती. मी अंगणात फोन धरून उभा. पडद्यावर विहीणबाई, नऊवारी नेसून, नथ घालून.

"काय दाखवताय गुरुदत्तराव? मला तर अंधारच दिसतोय."

"थोडा धीर धरा विहीणबाई!"

वरून मृदुलाची हाक आली, "बाबा, उटणं लावून झालं!"

"टाका, सयाजीराव!"

खट्ट!

एवढाच आवाज. कंदील नाही, पट्ट्या नाहीत, जिन्यातला रोजचा दिवाही गेला. मी जिन्याखाली धावलो. चारी डबे एकदम जागे होताना असा काही मोठा घोट घेत होते की लाइनचा एमसीबीच, म्हणजे जादा वीज ओढली की आपोआप पडणारा खटका, खाली पडत होता. वर केला, पुन्हा पडला. पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. कारखान्यात लाइन थांबली की आमचा एक नियम असतो, ज्यावर स्टिकर नाही त्याच्यावर संशय घ्यायचा. चारी डब्यांवर ओकेचे स्टिकर होते. पंपावर नव्हता!

"पंप बंद करा, सयाजीराव!"

"आवं पर समद्यांच्या आंगुळी चालल्यात की!"

"पाचच मिनिटं! टाकी भरलेली असेल!"

"व्हय? मग करतो." त्यांनी पंप बंद केला आणि एमसीबी वर केला.

आणि लागले! काय सांगू तुम्हाला! चारी पंखे गुरगुरले आणि आकाशकंदील आतून उमलला. निळा, मग केशरी, मग शुभ्र. गच्चीचा कठडा झळाळला, खिडक्यांतून धारा वाहाव्यात तसा उजेड खाली उतरला आणि फाटकापाशी येऊन थांबला. शेवटचा दिवासुद्धा पांढरा! मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

"अगंबाई!" फोनमधून विहीणबाई म्हणाल्या. "गुरुदत्तराव, हे सगळं तुम्ही केलंत? घरी?"

मे महिन्यापासून माझ्या कानात ठाण मांडून बसलेलं ते वाक्य उठलं आणि चपला घालून चालतं झालं. इतकं हलकं मला लग्न पार पडल्यावरही वाटलं नव्हतं.

"थांबा हं, ह्यांना उठवते. ह्यांना दाखवायलाच हवं. आणि शेजारच्या काकूंनाही बोलावते. बंद नका करू!"

बंद कोण करतो! व्याही आले, डोळे चोळत वा वा म्हणाले. शेजारच्या काकू आल्या. काकूंची सून आली. प्रत्येकासाठी मी फोन गॅलरीपासून गच्चीपर्यंत फिरवून दाखवला. पाच मिनिटांची किती झाली ते मी बघितलं नाही. बघण्यासारखं दुसरं खूप होतं.

तेवढ्यात बिल्डिंगमधून हाका सुरू झाल्या. "अहो गुरुदत्तराव!" एक आवाज पहिल्या मजल्यावरून, एक तिसऱ्यावरून. मग कोणीतरी बादली बडवली. मी विनयानं वर हात हलवला. लोकांना आवडलं की असंच असतं. भावना आवरत नाहीत.

"लोकप्रिय आहात हो तुम्ही!" विहीणबाई म्हणाल्या.

जिन्यातून वरच्या मजल्यावरचे नानासाहेब उतरले. सहकारी बँकेतून निवृत्त झालेला, कधी शर्टाचं वरचं बटणही उघडं न टाकणारा माणूस. आज कमरेला पंचा, बाकी सर्वांगाला तेल आणि त्यावर उटण्याचा लेप. माझी रोषणाई बघायला ते आंघोळ अर्धी टाकून आले, या विचारानं मी गहिवरलो.

"नानासाहेब! कसं वाटतंय?"

"चिकट वाटतंय!"

मी आणखी काही विचारणार तोच त्यांच्या मागून दुसरे आले, तिसरे आले. सगळे पंच्यात, सगळे उटण्यात. कंदील केशरी झाला की सगळे केशरी व्हायचे, निळा झाला की निळे. आणि सगळ्यांच्या हातात रिकामे तांबे!

"गुरुदत्तराव, ही कोण मंडळी?" विहीणबाईंनी फोनमधूनच डोळे बारीक केले. "नाटक बसवलंय का?"

"हो... म्हणजे... आमच्या सोसायटीचा सांस्कृतिक कार्यक्रम असतो."

"पाणी!" नानासाहेब गरजले. "टाकीत थेंब नाही! पंप कोणी बंद केला?"

सगळ्यांनी सयाजीरावांकडे बघितलं. सयाजीरावांनी कंदिलाकडे बघितलं. "मला सायबांनी सांगितलं," ते कंदिलाला म्हणाले.

आणि मग त्या गर्दीच्या शेवटी जिन्यात सलिलराव दिसले. कोऱ्या करकरीत पंच्यात, डोक्यापासून पायापर्यंत तेल-उटण्यात, कपाळावर ओवाळल्याचा कुंकवाचा टिळा, थंडीनं दात वाजताहेत. मागे मृदुला हातात निरांजन घेऊन.

"बाबा, पहिला तांब्या घ्यायला गेलो आणि नळच गेला," सलिलराव नम्रपणे म्हणाले. "मी थांबतो. चालेल."

"तो आमचा सलिल ना?" फोनमधून विहीणबाई ओरडल्या. "तुमच्या नाटकात तो काय करतोय?"

आता माझी अवस्था समजून घ्या. पंप चालू करायचा तर दिवे बंद करायला हवेत, म्हणजे विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत माझी रोषणाई जाणार. दिवे चालू ठेवावेत तर जावई उभ्या उभ्या वाळणार. शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला आज कळतं. पण त्या वेळी माझ्या एका हातात विहीणबाई होत्या!

"सयाजीराव, पंप टाका! दिवे राहू द्या!"

"दोन्ही?"

"दोन्ही!"

सयाजीरावांनी डोळे मिटून स्विच टाकला. या खेपेला खट्ट झालं नाही. या खेपेला फाट्ट झालं! एमसीबीचा खटका पडला, तो पुन्हा वर राहीचना. चारी पंखे कण्हत थांबले. कंदील केशरी असताना गेला तो गेलाच. सगळ्या अंगणात अंधार आणि एक जळकट वास.

 त्या शांततेत फोनमधून, अगदी सहज सुरात, मे महिन्यातलंच वाक्य आलं.

"मुलीचे वडील मेंटेनन्सलाच आहेत ना?"

प्रथम नानासाहेब हसले. मग पंच्यातली सगळी पलटण हसली. सयाजीरावसुद्धा हसले, मी बघितलं. ते वाक्य परत आलं, त्यानं चपला काढल्या आणि आपल्या जुन्या जागी बसलं.

पुढचं सगळं मी कारखान्याच्या शिस्तीनं पार पाडलं, एवढं मला नोंदवू द्या. खालच्या हौदात पाणी होतं. मी हौदापासून रांग लावली, बादली हातोहात पुढे सरकवायची, मध्ये कुठे साचू द्यायची नाही. पण बादल्या जिना चढेपर्यंत उटणं कडक होऊ लागलं. लोकांचा धीर सुटला. शेवटी सगळ्यांनी हौदाशेजारीच, उघड्यावर, गार पाण्यानं आंघोळी केल्या. प्रत्येक तांब्याला एक किंकाळी. त्यात आमचे जावई, ज्यांच्यासाठी निवेदितानं चंदनाचा साबण आणि मऊ टॉवेल काढून ठेवला होता, ते नानासाहेबांच्या आणि सयाजीरावांच्या मध्ये उकिडवे बसले होते.

"फार गार आहे का हो सलिलराव?" मी विचारलं.

"चा-चा-चालेल," सलिलराव म्हणाले.

मृदुलानं तिथेच अंगणात त्यांना पुन्हा ओवाळलं, फुलबाजीच्या उजेडात. पायाखाली फोडायला कारीट शोधलं तर ते गडबडीत कुठेतरी तुडवलं गेलं होतं. निवेदिता जिन्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते डबे आणा. पायाखाली तेच ठेवा. तसंही ओकेच आहेत!"

दुपारी फराळ आणि जेवण झालं तोवर वायरमन येऊन पंप चालू करून गेला होता, आणि चारी डबे माळ्यावर गेले होते. सलिलरावांनी तीन शिंका दिल्या, पण तक्रार नाही. करंज्या चालेल, अनारसे चालेल, पुन्हा करंज्या चालेल. निवेदितानं मला डोळ्यांनी खुणावलं. दिवाळसणाचा आहेर द्यायची वेळ झाली होती. अंगठी तिनं आधीच आणून ठेवली होती. विहीणबाई पुन्हा फोनवर होत्या, या वेळी मृदुलाच्या हातातल्या. त्यांच्या मनातून मी उतरलो होतो हे त्यांच्या आवाजातच कळत होतं. माझं नाव न घेता त्या मला "अहो, ते" म्हणत होत्या.

मला राहवेना. एवढा मोठा सण, आणि माझ्या नावावर काय, तर उटण्यातली वरात! मी अंगठी सलिलरावांच्या बोटात घातली आणि म्हणालो, "सलिलराव, ही तर रीत झाली. पण माझ्या मनासारखं मी तुम्हाला अजून काहीच दिलं नाही. मागा, काय हवं ते!"

"तुम्ही द्याल ते चालेल, बाबा."

हे ऐकून मला जोर चढला. मार्गशीर्षात त्यांच्या चिंचवडच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मी घसा खाकरला. "मग माझा शब्द! तुमच्या वास्तुशांतीची सगळी रोषणाई माझ्याकडून! गेटपासून गच्चीपर्यंत! पॉवर सप्लाय तर तयारच आहेत!"

निवेदिता खाली बसली. मृदुलाचा हात तोंडावर गेला. सलिलरावांनी हातातली करंजी ताटात ठेवली. त्यांचे ओठ नेहमीच्या आकारात गेले, चा म्हणायच्या. मग ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पहाटेचा हौद आठवला असावा. त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि स्पष्ट, ठाम, खणखणीत आवाजात म्हणाले,

"नको."

 मृदुलाच्या हातातला फोन पडता पडता वाचला.

"कोण बोललं?" फोनमधून विहीणबाई किंचाळल्या. "सलिल? तू बोललास? परत म्हण बाळा!"

"नको," सलिलराव म्हणाले. आपल्याला जमतंय हे बघून त्यांनाच नवल वाटलं. "नको बाबा. अजिबात नको."

विहीणबाई ढसाढसा रडू लागल्या. पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "गुरुदत्तराव! अहो, किती डॉक्टर केले, किती उपाय केले! जे कोणाला जमलं नाही ते तुम्ही केलंत हो!"

आता त्या चारचौघांत माझं नाव आदरानं घेतात. सलिलला गुण आला तो सासऱ्यांच्या हातून, असं प्रत्येक नातेवाइकाला सांगतात. कशानं आला, हे त्या सांगत नाहीत. लोक माझ्याकडे वळून कौतुकानं बघतात, तेव्हा मीही नम्रपणे मान खाली घालतो आणि विषय बदलतो. विहीणबाईंच्या तोंडून माझं कौतुक व्हावं, एवढाच तर माझा हेतू होता!